बिनवातीच्या मेणबत्त्या

माझ्या पाठीवरून हात फिरवून बघा, मित्रांनो. पन्नास वर्षं मेण पिऊन ती लोण्यासारखी झाली आहे. मी पराश्काआजीच्या स्वयंपाकघरातला जुना लाकडी पाट. तिचे यजमान इल्को मधमाश्या पाळायचे. त्यांनीच रंधा मारून मला घडवलं. ते देवाघरी गेले, मधाच्या पेट्या मुलीकडे, ओरिसियाकडे गेल्या, मी मात्र आजीजवळच राहिलो.

आमची माणसं युक्रेनहून कॅनडातल्या मॅनिटोबात आली, ती मेणबत्त्यांचा सण बरोबर घेऊन. फेब्रुवारीत पाद्रीबाबा चर्चमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात. मग आपली मेणबत्ती वर्षभर घरात जपायची. वीज कडाडली की लावायची, आणि कुणाचा शेवटचा श्वास चालला असेल तर त्याच्या हातात द्यायची. इल्कोंच्या हातातही आजीने वळलेलीच होती. आमच्या चर्चला येणारी घरं चोवीस, मेणबत्त्या चोवीस, आणि त्या आजीनेच वळायच्या, हे ठरलेलं.

काम दिसतं सोपं. मेणाचं पातळ पान शेगडीजवळ कोमट करायचं, कडेला वात ठेवायची, पहिला वेढा घट्ट घ्यायचा आणि तळहाताने लोटत न्यायचं. शेवटी वातीच्या टोकावर मेणाची इवलीशी टोपी चढवायची. वळताना आजी स्तोत्रं गायची. तिचा सूर लागला की मला आपण देवापुढे मांडलेला चौरंग झाल्यासारखं वाटायचं.

यंदाही ती गायली, पण एकच कडवं, पुन्हा पुन्हा. आणि पहिलीच गुंडाळी माझ्यावरून गेली तेव्हा मी हादरलो. पहिल्या वेढ्याला वातीचा बारीक उंचवटा पाठीला लागतो, तो लागलाच नाही. दुसरीला नाही, तिसरीलाही नाही. चोवीसच्या चोवीस टोप्या घालून तयार झाल्या. मी पडलो लाकूड, ओरडणार कुठून? ओरिसिया समोरच बसली होती, फोनवर कुणाला तरी सांगत, "आईचे हात काय चालतात म्हणून सांगू, विशीतल्या पोरीसारखे!" पण त्या हातांकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

सणाच्या सकाळी शेजारीण नास्त्या आपली मेणबत्ती न्यायला आली.

"पराश्का, गेल्या वर्षी माझी वाकडी होती. यंदा पेटवून बघते, मगच नेते."

"बघ की. वाकडं तुझं नाक आहे."

नास्त्याने काडी लावली. टोपी वितळली, मेण माझ्यावर ठिबकलं, ज्योत गेली.

"वात कुठाय गं? कंजूषपणा बरा माझ्याच वेळी सुचतो तुला," नास्त्या हसत म्हणाली. दुसरी पेटवली. तीही गेली. तिसरी पेटवताना तिचं हसू थांबलं होतं.

ओरिसियाने एक मेणबत्ती माझ्यावर उलगडली. आतपर्यंत नुसतं मेण.

"मी घातल्या होत्या," आजी म्हणाली. "चोवीस कापल्या मोजून."

सांडलेलं मेण खरवडायला सुरी हवी म्हणून नास्त्याने खण उघडला. चमच्यांशेजारी चोवीस वाती होत्या, एकीला एक लावून, सरळ करून ठेवलेल्या. आजीने दोन्ही हात एप्रनखाली लपवले.

"मला काय होतंय गं, ओरिसिया?"

चर्चला दीड तास उरला होता. ओरिसियाने एकेक गुंडाळी ऊब देऊन उलगडली. "ये आई, वळायला बस."

"मी आता हात लावणार नाही. मरणाऱ्याच्या हातात विझली तर?"

"मग माझी काय मी लाटण्याने लाटू?" नास्त्या म्हणाली. "बस गुमान. वाकडी झाली तरी नेईन."

ओरिसिया वात ठेवू लागली, आजी वळू लागली. दर वेळी विचारायची, "घातलीस?"

"घातली, आई."

मित्रांनो, म्हाताऱ्या हातांचं कौतुक तुम्ही करता, करायलाच हवं. पण जवळ बसून त्यांच्याकडे बघतही जा. मला कळलं होतं आणि बोलता आलं नाही. तुम्हाला बोलता येतं.

तेवीस वेळा आजीने विचारलं, तेवीस वेळा ओरिसियाने सांगितलं. चोविसाव्या वेळी ओरिसियाने आईचं बोट धरून ते मेणाच्या पानावरच्या वातीवर टेकवलं. आजीने ते कडेकडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवलं.

"आहे," ती म्हणाली, आणि पहिला वेढा घेतला.