दहापासून मोजा

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. लाकडाची नाही, प्लॅस्टिकची तर मुळीच नाही. अस्सल पोलादाची, साठ सेंटीमीटर लांब आणि सरळ स्वभावाची. म्हणजे दहाव्या सेंटीमीटरपासून पुढे तरी सरळ. पहिल्या दहाचं काय झालं ते सांगतेच, कारण माझं सगळं रामायण त्या दहातच आहे.

माझा जन्म कारखान्यातला. एका लांबलचक पत्र्यातून आम्हा बहिणींना कापून काढलं आणि मग अंगावर रेघा कोरल्या. मिलिमीटरला एक, म्हणजे सहाशे. तुम्ही एका इंजेक्शनला घर डोक्यावर घेता, म्हणून आकडा सांगितला. शेवटी एका तपासणाऱ्या बाईंनी मला डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाल्या, "ही सरळ आहे, जाऊ दे." पुढे आयुष्यात माझं कौतुक पुष्कळ झालं, पण इतक्या कमी शब्दांत कुणी केलं नाही.

तिथून मी आले एका विद्यापीठाच्या ग्राफिक डिझाइन विभागात. हा काय प्रकार आहे, असं तुम्ही विचाराल. मीही पहिलं वर्षभर हेच विचारत होते. तर अक्षरं, चित्रं आणि रंग कागदावर कुठे ठेवायचे आणि कुठे अजिबात ठेवायचे नाहीत, हे शिकायला मुलं इथे चार वर्षं येतात. त्यातली साडेतीन वर्षं 'कुठे ठेवायचे नाहीत' यातच जातात.

हे शिकवायला होते मार्जिनसर. खरं नाव त्यांच्या आईलाच आठवत असेल. कागदाच्या चारी बाजूंना मोकळी जागा दिसली नाही की सरांना धाप लागायची. जेवतानासुद्धा ते ताटाच्या कडेनं दोन बोटं जागा सोडून वाढून घ्यायचे. दुसरे होते काका. स्टुडिओच्या किल्ल्या, कपाटं, पुठ्ठे, कटरची पाती, सगळं त्यांच्या ताब्यात. सर विभाग चालवतात असं सरांना वाटायचं, आणि काका त्यांना तसं वाटू द्यायचे.

माझं काम मोठं मानाचं. पुठ्ठा कापायचा तर मला घट्ट दाबून धरायचं आणि माझ्या कडेनं कटर ओढायचा. प्लॅस्टिकची पट्टी असली तर कटर तिचीच सालपटं काढतो. त्यामुळे विभागात प्लॅस्टिकच्या पट्ट्या ढिगानं, पण मुलांची रांग माझ्यासाठी. कामाच्या जोडीला इतर सेवाही घडली. मी खिडकीला अडसर झाले, रंग ढवळला, काकांची पाठ खाजवली. एका पावसाळ्यात तर दोन टेबलांच्या मध्ये आडवी पडून मी कुणाचे तरी मोजे वाळवले. तक्रार नाही. मोजेही नीट अंतरावर वाळत घातले होते. शेवटी डिझाइनचीच मुलं.

आणि मग एके दिवशी शाईचा डबा उघडेना. लाल शाईचा, छपाईच्या वर्गातला. काका म्हणाले, "थांबा, स्क्रू ड्रायव्हर आणतो." सर म्हणाले, "अहो, एवढ्याला काय स्क्रू ड्रायव्हर!" आणि त्यांनी माझं टोक झाकणाखाली घातलं आणि जोर लावला. झाकण उघडलं. मी वाकले. शाई सरांच्या पांढऱ्या शर्टावर कॉलरपासून पँटपर्यंत पसरली, चारी बाजूंना जराही मार्जिन न सोडता.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली, 'पट्टीचा गैरवापर कोणीही करू नये.' खाली सही सरांची.

माझे पहिले आठ-नऊ सेंटीमीटर कायमचे वाकडे झाले, रेघाही खरवडल्या. नवीन पट्टीसाठी ऑफिसला अर्ज गेला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, 'जुनी पट्टी नेमकी किती खराब आहे, ते मोजून कळवावे.' ते मोजायला विभागात भरवशाची पट्टी एकच होती. तिनं स्वतःला कसं मोजावं, यावर सर आणि काका दोघं आठवडाभर विचार करत बसले. शेवटी अर्ज राहिला तो राहिलाच.

काकांनी मात्र तोडगा काढला. घरून बायकोची नेलपॉलिश आणली आणि माझ्या दहाच्या रेघेवर लाल ठिपका दिला. "आजपासून पट्टी इथून सुरू," म्हणाले. मग नियमच झाला. दहापासून मोजा, आणि जो आकडा येईल त्यातून दहा वजा करा. पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या तासाला हे शिकवलं जायचं, रंग-बिंग नंतर. काही मुलांच्या तर ते इतकं अंगात भिनलं की नोकरीला लागल्यावर कोऱ्या करकरीत पट्टीवरही ती दहापासूनच मोजायची, आणि साहेबांनी विचारलं तर "आमच्या विभागाची पद्धत आहे," असं छाती फुगवून सांगायची.

आता मी ज्या मुलीमुळे हे सगळं सांगतेय, तिच्याकडे येते.

तिला सगळे 'झालंच' म्हणायचे. काम मागितलं की ती म्हणायची, "झालंच सर!" आणि ते कधीच झालेलं नसायचं. हात सोन्यासारखा. पण एका अक्षराच्या शेपटीवर ती तीन दिवस बसायची. गेल्या वर्षी याच पायी परीक्षेत तिची खोक्याची कलाकृती अर्धीच राहिली आणि ती तिसऱ्या वर्षात नापास झाली. बरोबरचे पुढे गेले, ही मागे. यंदा पुन्हा तोच विषय होता. यंदाही राहिलं तर विद्यापीठाच्या नियमानं तिचं शिक्षण तिथंच संपणार होतं. तिची आई कपडे शिवायची. मशिन चालवून फी भरत होती. त्यामुळे यंदा ही मुलगी थट्टेतसुद्धा "झालंच" म्हणायची नाही.

विषय असा होता. प्रत्येकाला काचेचा एक पेला, त्याच्यासाठी पुठ्ठ्याचं खोकं बनवायचं. दिसायला सुंदर पाहिजे, आणि परीक्षेला बाहेरून येणाऱ्या मॅडम ते टेबलावरून खाली पाडणार. पेला फुटला की तुम्ही नापास. पेला आणि खोकं यांच्यात कापूस, स्पंज, चिंध्या काही चालणार नाही. जे करायचं ते पुठ्ठ्यानं. पुठ्ठाही माणशी एकच, काकांनी मोजून दिलेला.

काकांनी पेले माप घेण्यापुरते हातात दिले आणि परत कपाटात कुलूपबंद केले. "परीक्षेच्या दिवशी मिळतील. मागच्या वेळी निम्मे पेले माप घेतानाच फुटले होते."

झालंचनं पेला माझ्यावर आडवा निजवला. बूड लाल ठिपक्याला, काठ बावीसवर. तिनं वहीत लिहिलं, बावीस. रुंदी पाहिली, अठरा. लिहिली, अठरा.

मित्रांनो, मी ओरडले. पण पट्टीचा आवाज फक्त खाली पडली की येतो, आणि तिनं तर मला किती जपून धरलं होतं!

पुढचे पंधरा दिवस ती मुलगी राबली. खोक्यावर निळ्या रंगाच्या बारीक लाटा काढल्या, त्यांत पेल्याचं पाणी हेलकावतंय असं वाटावं. अक्षरं अशी की सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. कापताना मात्र ती नियमानं वागली. दहापासून बत्तीस, दहापासून अठ्ठावीस. चुकीचं माप तिनं अगदी अचूक कापलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेच्या आदल्या दिवशीच तिचं काम संपलं. सरांनी विचारलं, "झालं?" ती म्हणाली, "झालं सर." सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दहाला काकांनी कपाट उघडलं. झालंचनं आपला पेला खोक्यात ठेवला. ठेवला कसला, तो आत गेला आणि दिसेनासाच झाला. तिनं खोकं हलवलं. आत पेला खुळखुळला, मोठ्या पिंपात एकच शेंगदाणा असावा तसा.

तिनं माझ्याकडे पाहिलं. लाल ठिपक्याकडे पाहिलं. आणि वही उघडून बावीसमधून दहा वजा केले.

तिच्या वर्गात एक मुलगा होता, त्याला 'कन्सेप्ट' म्हणायचे. त्याची कुठलीही चूक विचारली की तो सांगायचा, ती चूक नाही, कन्सेप्ट आहे. तो वाकून आत बघत म्हणाला, "अगं, हे पेल्याचं खोकं आहे की पेल्याचा बंगला?"

"गप रे!"

"नाही, खरंच. दोन खोल्या भाड्यानं देता येतील."

"काका, एक पुठ्ठा..." तिनं हात पुढे केला.

काकांनी नकारार्थी मान हलवली. "संपलेत गं पोरी. असता तर माझ्या अंगावरचा काढून दिला असता."

तिनं खिडकीत जाऊन आईला फोन लावला. मी तिच्या काखेतच होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. मागे मशिनची घरघर चालू होती.

"आई, मी पुन्हा नापास होणार. सगळं दहा दहा सेंटीमीटर मोठं कापलंय मी."

मशिन थांबलं. "मोठं?"

"हो."

"मग रडतेस कशाला येडे? मोठं कापड कुणी फेकतं का? आत दुमड ते."

"आई, कापड नाहीये, पुठ्ठा आहे!"

"मग पुठ्ठा दुमड. हे बघ, माझं गिऱ्हाईक दारात उभं आहे. किती वाजता परीक्षा?"

"तीनला."

"भरपूर वेळ आहे. बाई चार वाजता लग्नाला जाणार आणि बारा वाजता ब्लाउज टाकतात माझ्याकडे. ठेव फोन."

झालंचनं डोळे पुसले. मला टेबलावर ठेवलं. खोक्याच्या वरच्या कडा चारी कोपऱ्यांत चिरल्या आणि माझी कड लावून आत दुमडल्या. चार तिरप्या भिंती आत उतरल्या. पेला बुडाला निमुळता होता. तो त्या चार भिंतींच्या मध्ये जाऊन अडकला आणि तिथंच लोंबकळत राहिला. तळाला टेकला नाही की बाजूंना लागला नाही. झाकण तिनं त्याच चुकीच्या मापानं कापलं होतं, म्हणून ते तेवढं बरोब्बर बसलं.

तीन वाजता मॅडम आल्या. उंच, शांत, आणि खोकं पाडताना मात्र जरा जास्तच आनंदी. पहिलं खोकं पडलं, खळ्ळ. दुसरं पडलं, खळ्ळ. तिसरं वाचलं. कन्सेप्टचं खोकं इतकं घट्ट आणि देखणं होतं की पाडताना मॅडमही थबकल्या. खळ्ळ.

"मॅडम," तो म्हणाला, "काच फुटणं हाच कन्सेप्ट आहे. माणसाचं आयुष्य..."

"नापास होणं हाही एक कन्सेप्ट आहे," मॅडम म्हणाल्या. "पुढचं?"

झालंचनं खोकं ठेवलं. मॅडमनी ते पाडलं. टप्. उघडून पाहिलं. पेला जागच्या जागी. त्यांनी मग स्टूल मागवलं, त्यावर चढल्या आणि तिथून पाडलं. सरांनी डोळे मिटून घेतले. टप्. पेला तसाच.

मॅडमनी खोक्यात डोकं घातलं. "चारी बाजूंनी एवढी मोकळी जागा! आजकालची मुलं सगळं कोंबून भरतात. ही जागा सोडायचं कसं सुचलं तुला?"

मार्जिनसरांचा ऊर असा भरून आला की शर्टाचं बटण ताणलं गेलं. मागून कन्सेप्ट कुजबुजला, "सांग, पाण्याला श्वास घ्यायला जागा दिली. सांग ना!"

चांगले गुण समोर चालून आले होते. फक्त हो म्हणायचं होतं.

"सुचलं नाही मॅडम," ती म्हणाली. "चुकलं. आमची पट्टी दहापासून मोजायची असते, मी दहा वजा करायला विसरले. आज सकाळी कळलं. मग आईला फोन केला. ती शिवणकाम करते. ती म्हणाली, आत दुमड."

मॅडमनी मला हातात घेतलं. वाकडं टोक पाहिलं, नेलपॉलिश पाहिली.

"म्हणजे सकाळी चूक कळली आणि तीनला हे तयार?"

"हो मॅडम. अडीचलाच झालं."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. "पास. मोजमापाला दहापैकी शून्य. बाकी सगळ्याला पूर्ण." मग सरांकडे वळून म्हणाल्या, "आणि आईलाही एकदा व्याख्यानाला बोलवा."

झालंचनं पेला बाहेर काढला, नळाखाली धुतला, भरला आणि उभ्यानंच घटाघटा पाणी प्यायली. सकाळपासून तिच्या घशाखाली काही उतरलं नव्हतं. मग तिनं फोन लावला. मला एवढंच ऐकू आलं, "आई, झालं," आणि पलीकडे मशिन पुन्हा थांबलं. या वेळी बराच वेळ ते सुरूच झालं नाही.

तर मित्रांनो, मी अजून कामावर आहे. बरी आहे. तुमच्याकडून माझी अपेक्षा फार नाही. काम झालं की कोरड्या फडक्यानं पुसा आणि खिळ्याला टांगून ठेवा, ओल्या टेबलावर टाकून जाऊ नका. तुमच्या घरीही एखादं जुनं हत्यार असेल, कातरी, हातोडी, काहीही. त्याची काय खोड आहे ती ओळखून घ्या, आणि जो नव्यानं ते हातात घेईल त्याला आधी सांगा. त्यातून चुकलंच, तर चुकलं म्हणा. मी मोजायची वस्तू आहे, म्हणून खात्रीनं सांगते. ते म्हणायला सगळं मिळून जेमतेम दोन सेकंद लागतात.