चौकटीची डावी बाजू

बाबांच्या शेवटच्या सिनेमात डावीकडून काहीतरी येणार आहे असं सतत वाटत राहतं. येत मात्र काहीच नाही.

गोष्ट साधी आहे. एक बाई भाड्याच्या घरात एकटी राहायला येते आणि हळूहळू घाबरू लागते. कॅमेरा बाबांचा होता आणि मी त्यांची फोकस सांभाळणारी सहायक. कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, माणूस किती अंतरावर आहे ते नजरेनं मापायचं आणि भिंगाची कडी फिरवायची, एवढंच माझं काम. चौकटीत काय दिसतंय ते बाबा बघत. मी फक्त अंतर बघत असे.

चित्रीकरण संपल्यावर नवव्या दिवशी बाबा घरासमोर एका व्हॅनखाली आले. भर सकाळ, एकेरी रस्ता, सगळी वाहनं डावीकडूनच येणारी. व्हॅन बॅटरीवरची होती, आवाज न करणारी. पण चालक पोलिसांना म्हणाला, "कडेला नीट थांबले होते हो. काहीतरी बोलले आणि सरळ पाऊल टाकलं."

आईनं हे ऐकलं आणि मनात धरून ठेवलं. महिन्याभरानं एकदा कपड्यांच्या घड्या करता करता तिनं विचारलं, "आपणहून गेले का गं ते?"

"काहीतरीच काय, आई!"

"मग दिसली कशी नाही एवढी मोठी गाडी?"

 तिनं पुन्हा विचारलं नाही. पण बाबांचे कपडे तिनं कपाटातून बाहेर काढले नाहीत आणि त्या कपाटाकडे तोंड करून ती कधी बसली नाही.

तिसऱ्या महिन्यात सिनेमाचे रंग जुळवायला सुरुवात झाली. त्याला छायालेखक लागतो. बाबा नव्हते, म्हणून मला बोलावलं. रंग जुळवणाऱ्याला सगळे मामा म्हणतात. त्यांची खोली राखाडी रंगाची, बिनखिडकीची. भिंतीच्या रंगानंसुद्धा डोळ्याला फसवू नये म्हणून.

"ये, बस. तुझा बाप याच खुर्चीत बसून माझ्या डोक्यावर मिरे वाटायचा," मामा म्हणाले आणि लगेच पडद्याकडे वळले, कारण त्यांना माझ्याकडे बघवेना.

पडद्यावर ती बाई भांडी घासत होती. चौकटीच्या पार उजव्या कडेला, उजवीकडे तोंड करून. डावीकडे नुसता रिकामा, काळोखा बोळ.

"आता गंमत बघ." त्यांनी चित्र सरकवून बाईला मधोमध आणलं. "ही भांडी घासतेय." चित्र परत होतं तिथे नेलं. "आणि ही आता मरणार. बाई तीच, पातेलं तेच. माणसाच्या समोर जागा सोडली की वाटतं, तो कुठेतरी निघालाय. पाठीमागे सोडली की कुणीतरी त्याच्या मागावर आहे. दिग्दर्शक तर खूश आहेत. तुझ्या बाबांनी काय भीती उभी केली म्हणतात!"

"मग?"

"मग मला शंका आली. हे सगळे तुकडे मी गोष्टीच्या क्रमानं नाही, शूटिंगच्या क्रमानं लावलेत. तूच बघ."

पहिल्या दिवशी बाई मधोमध होती. सातव्या दिवशी थोडी उजवीकडे. बाराव्या दिवशी आणखी उजवीकडे. विसाव्या दिवशी डावीकडची अर्धी चौकट ओसाड पडली होती आणि शेवटच्या दिवशी बाईचा खांदा उजव्या कडेनं कापला जात होता. तयार सिनेमात प्रसंग पुढेमागे होतात, म्हणून हे कळत नाही. इथे मात्र काहीतरी दिवसेंदिवस वाढताना दिसत होतं.

"आणि ही तुम्हा बापलेकीची हजेरी," मामा म्हणाले. दुसऱ्या आठवड्यापासून चालत्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला बाबांचा आवाज होता, "आहेस ना?" मग माझा, "आहे."

खांद्यावर कॅमेरा घेऊन चालायचं असलं की ते आधी हे विचारत. मला वाटे, म्हातारपणी माया दाटून येतेय.

मला मग त्यांचं ताट आठवलं. डावीकडचं तसंच राहायचं आणि आई म्हणायची, "नखरे बघा." दाराच्या चौकटीवर आपटलेला डावा खांदा आठवला. त्यावर आम्ही हसलो होतो.

"मामा, या रांगेत अकरावा दिवसच नाही, त्याचं काय?"

"सिनेमातलं काहीच नाही. भिंगाची चाचणी आहे. त्यात तूच आहेस."

मी पडद्यावर भिंतीला टेकून उभी होते, कंटाळलेली. कॅमेरा अगदी सावकाश उजवीकडे वळत गेला. मी डावीकडे सरकत कडेला पोचले, अर्धी राहिले, मग नुसती भिंत उरली. आवाज आला, "आहेस ना?" मी हसले आणि म्हणाले, "हे काय, इथेच तर आहे."

प्रत्येक दिवसाचा नोंदीचा कागद मी लिहीत असे. त्या दिवसाच्या कागदाचा फोटो मामांनी उघडला. अक्षर बाबांचं होतं; तो एकच कागद त्यांनी मला न दाखवता परस्पर पाठवला होता.

'पोरगी मधोमध: दिसते. दोन हात डावीकडे: अर्धी. कडेला: नाही. मला जिथे दिसत नाही तिथे प्रेक्षकालाही काही दिसू नये. बाईंना उजवीकडेच ठेवायचं. सिनेमा संपला की डॉक्टर. तोवर पोरीला कळू द्यायचं नाही, कॅमेरा काढून घेईल. ती आहे म्हणाली की डावी बाजू मोकळी समजायची.'

मामांनी फोटो बंद केला. "मधोमध आणू का सगळं? चौकटीबाहेरही चित्र टिपलेलं आहे, सरकवायला जागा आहे."

"नको. त्यांनी ठेवलंय तसंच राहू दे."

सिनेमा असाच पास केल्याच्या कागदावर मी सही केली. 

अपघाताच्या त्या सकाळी बाबा म्हणाले होते, "एका माणसाला भेटायचंय, चल माझ्याबरोबर." फाटकाचं कुलूप अडकत होतं. मी रस्त्याकडे पाठ करून किल्लीशी झटापट करत होते. मागून त्यांनी विचारलं, "आहेस ना?"

चालकानं ऐकलेलं 'काहीतरी' हेच होतं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यात सांगण्यासारखं काय, म्हणून मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी न वळता म्हटलं होतं, "आहे."

घरी आले तेव्हा आई डाळ निवडत होती. मी कागदाची प्रत शेवटच्या ओळीच्या वर दुमडली आणि तिच्यापुढे धरली.

तिनं दोनदा वाचलं. "म्हणजे दिसतच नव्हतं."

"नाही."

"डॉक्टरकडे निघाले होते."

"हो."

"लबाड माणूस!" ती म्हणाली. मग एकदम मोठ्यानं रडली. "सांगितलं असतं तर हात धरून नेलं नसतं का आपण?"

त्या दुपारी तिनं कपाट उघडलं. मी बाहेरच्या खोलीत बसून होते. पर्समध्ये तो कागद होता, दुमडलेला. मी सारखी डावीकडे बघत होते. तिकडे नुसती भिंत होती.

आतून आईनं हाक मारली, "आहेस ना गं?"

तोंडाशी आलेला शब्द मी गिळला. उठले, आत गेले आणि तिला दिसेन अशी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.