धाकट्याचे ड्रम

धाकट्याचे ड्रम आज वाजवायचेच, असं ताईनं ठरवलं होतं. आणि तिनं एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी ती कुणाचं ऐकायची नाही.

दर रविवारी दुपारी एका जुन्या गोदामात ती डीजे म्हणून सेट वाजवायची. धाकटा भाऊ जाऊन आठ महिने झाले होते. मागे राहिलं होतं एकच रेकॉर्डिंग, चार मिनिटांचे नुसते ड्रम. ड्रम अँड बेस हे नाचाचं संगीत म्हणजे मिनिटाला एकशे चौऱ्याहत्तर ठोके! लोक हे कॉम्प्युटरवर बटणं दाबून करतात. आमचे हे शहाणे मात्र स्वतः काठ्या घेऊन बसले, तेही अंगात त्राण नसताना. "ड्रम माझे, बेस तुझा," असं त्यानं ताईला बजावलं होतं. तिनं बेसचा खर्जातला सूर केला खरा, पण तो गेल्यावर.

घोडं अडलं ते इथेच. हातानं मारलेला ठोका यंत्रासारखा पडत नाही. एका डेकवर, म्हणजे वाजवायच्या चकतीवर, ड्रम आणि दुसऱ्यावर बेस लावला, की मशीनचं वेग जुळवणारं सिंक बटण गोंधळायचं आणि मिनिटभरात दोघांची फारकत व्हायची. तिसऱ्या मिनिटाला तर धाकटा चक्क मागे पडायचा. भरल्या हॉलमध्ये असं झालं, की नाचणारे जागच्या जागी थांबतात आणि डीजेची शोभा होते.

शेवटी गोदामातल्या साउंडवाल्यानं धाकट्याचा एकेक ठोका कापून सरळ रेषेत बसवून दिला. "आता डोळे मिटून वाजव पोरी," तो म्हणाला. आणि खरोखरच सगळं बिनबोभाट जुळलं.

आज आई पहिल्यांदाच येणार होती. पोरगा होता तेव्हा ती कधी फिरकली नाही. "डोकं उठतं माझं त्या धडधडीनं," म्हणायची. आता तेच तिला आतून खात होतं. ती तासभर आधीच आली आणि पर्स मांडीवर घेऊन रिकाम्या हॉलमध्ये बसली. ताईनं तिला तो सरळ केलेला ट्रॅक ऐकवला.

"छान आहे," आई म्हणाली. "कुणी वाजवलंय?"

ताईनं ट्रॅक थांबवला. "अगं, त्याचंच आहे हे."

"असेल. तू म्हणतेस तर असेल."

बावीस वर्षं त्या माउलीनं भिंतीपलीकडून तो हात ऐकला होता. तिला कोण फसवणार? ताईनं मूळ रेकॉर्डिंग डेकवर चढवलं.

"वेड लागलंय का तुला?" साउंडवाला ओरडला. "तोंडघशी पडशील!"

"पडेन."

हॉल भरला. अर्ध्या तासानं तिनं धाकट्याचे ड्रम सोडले आणि खालून आपला बेस चढवला. एका कानावर हेडफोन, दोन हात दोन डेकवर. बेस पुढे गेला की ती बोटानं चकती किंचित धरायची, मागे पडला की ढकलायची. दोन मिनिटं निभावली. लोक घामाघूम होऊन नाचत होते.

तिसऱ्या मिनिटाला धाकट्याचा हात जड झाला. सवयीप्रमाणे ताईनं त्याची चकती पुढे रेटली. मागे पडणाऱ्याला रेटायचं, हीच डीजेची रीत. पण काठी कशीबशी उचलली जातेय, हे हेडफोनमध्ये स्पष्ट ऐकू येत होतं. आजारी माणसाला मागून धक्के मारतोय आपण, असं तिला वाटलं आणि स्वतःचीच शरम वाटली.

तिनं त्याच्या डेकवरचा हात काढला. दोन्ही हात बेसच्या डेकवर नेले आणि वेगाची पट्टी हळूहळू खाली आणत राहिली. तो जितका थकत गेला, तितका तिनं आपला बेस मागे ओढला. नाचणाऱ्यांचे पाय जरा अडखळले, दोन-चार माना वर झाल्या, आणि मग अख्खा हॉल त्याच्या चालीनं हलू लागला. ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण हात सुटला नाही. शेवटच्या ठोक्यापर्यंत दोघं बरोबर होती.

तिनं पुढचा ट्रॅक लावला तेव्हा आई टेबलाशी येऊन उभी होती.

"मधे दमला होता गं तो."

"हो, आई."

"मला रोज सांगायचा, बरं वाटतंय म्हणून."

"मलाही," ताई म्हणाली.