घरी कोणी नाही

टोपलं पाण्यात आहे.

रेणुकाने ते सकाळीच हौदात बुडवलं. जुना लेप भिजून सुटला, की नवा द्यायचा. रद्दीचा लगदा, त्यात वाटलेली मेथी. मेथीच्या कडूपणानं कीड लागत नाही. टोपलं तिच्या आजेसासूचं. वरचे थर सासूनं, तानुबाईनं, चढवलेले.

थर सुटतात. अगदी खाली लगदा नाहीच. सबंध कागद, छापलेला. पाणी हललं की अक्षरं हलतात.

…ताहिक, बुलढाणा. भगिनींसाठी…

"आत्याबाई, हे काय हो?"

"पेपर व्हय. पहिल्या मतदानाच्या वक्ताचा. माही सासू सांगे, माणसं पारावर वाचत, मंग बायाइपाशी ये."

"वाचाले?"

"लिंपाले!" तानुबाई हसली. "बायासाठीच होता म्हंते ना? मंग बायाइच्याच हातात आला."

…हे नवे राज्य तुमचेही आहे. मतदारांची यादी करणारा दारात येईल. त्याला आतूनच 'घरी कोणी नाही' असे सांगू नका. घरी तुम्ही…

इथं फाटलं.

रेणुकाचे हात पाण्यात थांबले. पाण्यात एक दार उघडलं. मग दुसरं. दारामागे बाई, पदराआड. बाहेर टोपीवाला, काखेत यादी. घरी कोणी नाही, बाई म्हणते. पुढच्या दारीही तेच. गावभर चुली पेटलेल्या, पाळणे हलताहेत, तव्यावर भाकर फुगते आहे, आणि घरी कोणी नाही. टोपीवाला कोरी यादी घेऊन नदी ओलांडतो. नदीपल्याड आणखी एक गाव, तिथंही धूर, तिथंही

"सरपंच हायेत काय घरी?"

फाटकाशी मोतीराम. रेणुकाच्या नवऱ्याचा, भागवतचा, दोस्त.

"नाही," रेणुका पाण्यातूनच बोलली. "वावरात गेले."

मोतीराम गेला. तानुबाई तिच्याकडे बघत राहिली.

"काऊन वं? सरपंच तर तू हायेस."

हो.

बायांसाठी राखीव जागा, रेणुका निवडून आलेली. पण खुर्चीत भागवत बसतो, लोक सरपंच त्यालाच म्हणतात. ती सही करते. आणि कोणी विचारलं की सांगते, सरपंच घरी नाहीत. आजवर कितीदा सांगितलं असेल.

आज सव्वीस जानेवारी. दुपारी ग्रामसभा. काल बायांच्या सभेत ठराव झाला: अंगणवाडीच्या खोलीत मोतीरामची खताची पोती आहेत, लेकरं बाहेर ओट्यावर बसतात, खोली रिकामी करा. हा ठराव आज सरपंचानं वाचायचा. सकाळी वावरात निघताना भागवत म्हणाला होता, "तो विषय राहू दे. मी पाहून घेतो."

आणखी एक पट्टी सुटली.

…कोणी सांगितले म्हणून नव्हे. उठा, पुढे या, बो…

तिनं पट्टी कोरड्या दगडावर पसरली. ऊन होतं.

*

पंचायतीपुढं सतरंजी. बाया मागं. खुर्चीत भागवत, इस्त्रीचा शर्ट. शेजारी ग्रामसेवक निवृत्ती. विषय भराभर संपले.

"झालं," भागवत म्हणाला. "आता चहा घ्या."

रेणुका उठली. अजून सगळं पाण्याखाली असल्यासारखं. माणसांचे चेहरे हलत होते, आवाज लांबून येत होता.

"अहो," ती म्हणाली.

पाच नवऱ्यांनी मागं वळून पाहिलं. हशा.

"कोनाचे अहो वं बाई?" कोणीतरी ओरडलं.

भागवत मात्र निवृत्तीच्या कागदात डोकं घालून बसला होता. त्याला उठवायचं तर नाव घ्यायला हवं. नाव तिनं एकदाच घेतलं होतं, लग्नात, तेही उखाण्यात. दुसरी वाट तिला ठाऊकच नव्हती.

मग तीच धरली.

"पंचायतीच्या पाटीवर लिवलं माहं नाव,
भागवतराव, खुर्ची सोडा, पाहून राह्यलं गाव."

बायांनी टाळ्या पिटल्या. माणसंही हसली. भागवतही हसला; सवयीनं, लग्नातल्यासारखा. हसू ओसरलं तरी रेणुका उभीच होती. तेव्हा त्याला कळलं.

"घरी बोलू," तो हळूच म्हणाला.

"घरी कोनी नाही."

निवृत्तीनं शांतपणे कागद भागवतपुढून ओढला आणि रिकाम्या हवेत धरला, खुर्चीत कोण बसतं याची वाट बघत. भागवत उठला. जाताना खुर्ची थोडी वाकडी झाली. रेणुकाने ती सरळ केली, बसली, आणि ठराव वाचला. बोटांना मेथीचा वास होता. हात वर झाले. आधी मागचे, मग पुढचेही काही.

*

संध्याकाळ. भागवत ओट्यावर, गाल फुगवून. रेणुका टोपल्याला नवा लेप देते आहे. छापलेल्या पट्ट्या तिनं पुन्हा आत चिकटवल्या, तशाच, फाटलेल्या. त्यांच्यावर लगदा नाही.

फाटक वाजलं. मोतीराम. बोटात अंगणवाडीची चावी. त्यानं भागवतकडे पाहिलं. भागवत अंगणातल्या निंबाकडे पाहत होता.

मोतीराम खाकरला. "सरपंच… हायेत काय घरी?"

"हाव," रेणुका आतून म्हणाली. "हात भरले हायेत. ये, चावी इथंच ठेव."