मार्थामावशींची परात

मी एक जुनी परात आहे, मित्रांनो. पितळेची, कडेला एक पोचा असलेली आणि वजनाला इतकी भारी, की आजकालच्या पोरींना मी एका हाताने उचलत नाही. मार्थामावशींच्या आईने धुळ्याच्या कासाराकडून मला लेकीच्या लग्नासाठी घेतलं आणि मी नवरीबरोबर सुरतेला आले. मला वाटलं होतं, माझ्यात लाडू वळले जातील, चार बायका माझं कौतुक करतील. नशिबी काय आलं? भाकरीचं पीठ! तेही दोन माणसांच्या घरात दहा माणसांचं.

मावशींचे यजमान शांतवनबाबा पांडेसऱ्याला कापड रंगवण्याच्या मिलमध्ये होते. राहायला उधन्यात दोन खोल्या. दोघंही विश्वासू ख्रिस्ती, पण उपदेश करत फिरणाऱ्यांतले नव्हेत. रविवारी उपासना सुटली की बाबा चर्चच्या दारात उभे राहायचे आणि ज्याचा चेहरा नवा दिसेल त्याला जेवायला घरी घेऊन यायचे. किती जण येतील हे मावशींना कधीच ठाऊक नसे. म्हणून त्या सकाळीच माझ्यात शिगोशीग कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ चाळून ठेवत. एकदा चौदा माणसं आली आणि भाकरी संपल्या. मावशी आणि बाबा ताक पिऊन उठले आणि पाहुण्यांना म्हणाले, आज आमच्या पोटाला सुट्टी. मी मात्र सगळं पाहत होते. खोटं बोलताना दोघंही हसत होते.

अशाच एका रविवारी बाबांनी शीतलला आणलं. नंदुरबारकडची बावीस वर्षांची पोर. आई वारल्यावर एकटीच सुरतेला आली होती. कोसाडच्या वसाहतीत भाड्याची खोली आणि साडी मार्केटात दिवसभर साड्यांच्या घड्या घालायचं काम. चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसायची. मान खाली घालून जेवत होती. मधेच थांबून तिने बाबांना विचारलं, "देवाने प्रत्येकाला काही कामासाठी ठेवलंय म्हणतात. मला काय साड्यांच्या घड्या घालायला ठेवलंय?"

मला वाटलं, आता प्रवचन सुरू होणार. पण बाबांनी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

"आधी जेव. भुकेल्या पोटी देवाला प्रश्न विचारू नये पोरी, उत्तर कडू लागतं."

जेवण झाल्यावर मात्र त्यांनी तिला उठलेल्या प्रभूची गोष्ट सांगितली. दोन शिष्य वाटभर त्याच्याशी बोलत चालले, तरी त्यांना तो ओळखू आला नाही. घरी नेऊन जेवायला बसवलं, त्याने भाकर मोडली, तेव्हा ओळख पटली. म्हणून आम्ही आधी ताट वाढतो, बाबा म्हणाले, ओळख काय, नंतर होते.

पुढे तीन वर्षं शीतल दर रविवारी येत राहिली. भाकरी थापायला ती माझ्यातच शिकली. तिच्या पहिल्या भाकरीला कुठलाच आकार नव्हता, आणि बाबांनी नेमकी तीच मागून घेतली. किती प्रार्थना करतेस, बायबल वाचतेस का, असं तिला कोणी विचारलं नाही. शेवटची भाकरी कोणाच्या ताटात जाते, एवढं ती बघत राहिली. पिठाच्या हातांनीच मावशी डोळे मिटून दोन शब्द प्रार्थना करायच्या, तेही ती बघायची. पुढे पुढे तिचेही डोळे मिटू लागले.

मग बाबा आजारी पडले आणि गेले. त्याच वर्षी मावशींच्या उजव्या हातावरून वारं गेलं. लग्न होऊन नाशिकला गेलेली लेक जयश्री त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. निघताना मावशींनी मला शीतलकडे दिलं. दोघींनी मिळून मला रिक्षात ठेवलं तेव्हा दोघी रडत होत्या. मलाही वाईट वाटलं. पितळेलाही मन असतं.

आणि इथेच शीतल चुकली. चुकली ती मायेपोटीच. तिने मला चिंचेने घासघासून लख्ख केलं, फळीवर विणलेला रुमाल अंथरला, त्यावर बायबलशेजारी मला उभी केली आणि माझ्यापुढे बाबांचा फोटो ठेवला. खरं सांगते, पहिले आठ दिवस मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझं कौतुक करत होतं. पण नंतर अंगावर धूळ बसू लागली. मावशींचा हात या परातीत फिरलाय, आता हिच्यात माझं पीठ पडायचं नाही, असं तिने जयश्रीला फोनवर सांगितलं. उपासना संपायच्या आत ती चर्चमधून निघून येऊ लागली, म्हणजे कोणाशी बोलावं लागू नये. माझ्याच खाली बसून ती वेफरचं पाकीट फोडायची आणि तेच तिचं जेवण. शेवटी एका रविवारी तिने कपड्यांची पिशवी भरली. सुरतेत आता माझं कोण आहे, म्हणाली. नोकरी सोडून गावी जायचं तिने ठरवलं होतं.

त्याच रविवारी जयश्री एका लग्नाला सुरतेला आली आणि मावशींना दुपारपुरतं शीतलकडे सोडून गेली. मावशींनी ती पिशवी पाहिली. मग मला पाहिलं. मला वाटलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. त्यांनी आपल्या अहिराणीत शीतलला एवढंच विचारलं, "इतला दिनमा तुना घर कोन जेवनं?"

इतक्या दिवसांत कोणीच जेवलं नाही, शीतल म्हणाली. खोली लहान, मी एकटी. आणि तुमच्यासारखा विश्वास माझ्याकडे नाही.

तेव्हा मावशींनी तिला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. लग्न होऊन सुरतेला आल्या तेव्हा महिनाभर शेजारचं कोणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. बाबा मिलमध्ये, मावशी घरात एकट्या. त्या एकटेपणाला भिऊनच त्यांनी पहिलं परकं माणूस जेवायला बोलावलं होतं.

"आधी पाव्हना उना, पोरी," त्या म्हणाल्या. "विश्वास मांगून उना." आधी पाहुणा आला, विश्वास मागाहून आला.

 शीतल उठली. तिने मला खाली घेतलं, पुसलं आणि माझ्यात पीठ काढलं. समोरच्या खोलीत लीला नावाची विदर्भातली मुलगी राहायची, भरतकामाच्या मशीनवर जाणारी. शीतलला आजवर तिच्या फक्त दाराबाहेरच्या चपला माहीत होत्या. तिने दार वाजवलं आणि जेवायला बोलावलं. लीला संकोचली. म्हणाली, "ताई, आज माझी एकादशी आहे."

शीतलचा चेहरा एवढासा झाला. पहिलाच पाहुणा, आणि त्याला भाकर चालत नाही! मावशी मात्र खुदकन हसल्या आणि भगर आहे का म्हणाल्या. शीतलकडे कुठली असायला? भगर लीलाच्याच खोलीत निघाली, शेंगदाणेही तिचेच. पीठ परत डब्यात गेलं. उपासाला चालावं म्हणून शीतलने मला तीनदा धुतलं आणि माझ्यात भगर निवडली. जन्मभर भाकरीची परात म्हणून मिरवले, आणि म्हातारपणी हे! पण माझी तक्रार नाही.

तिघी जेवायला बसल्या. मावशींनी आणि शीतलने डोळे मिटले, लीलाने आपल्या पद्धतीने हात जोडले. दोन घास झाल्यावर लीला म्हणाली, "सात महिने झाले मला सुरतेत येऊन. जेवलीस का, हे आज पहिल्यांदा कोणी विचारलं."

 दाण्याची आमटी आणते म्हणून शीतल उठली आणि शेगडीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मावशींनी तिला हाक मारली नाही.

संध्याकाळी जयश्री मावशींना घेऊन गेल्यावर शीतलने पिशवी उघडली. एकेक कपडा काढून नीट घडी घातली आणि त्या घड्या फळीवर रचल्या, जिथे मी उभी होते तिथे.

मित्रांनो, आता मला घासून लख्ख करायला तिला सवड नसते. कडेला पीठ वाळलेलं असतं. माझं एक ऐका. तुमच्याही घरी कोणा मायाळू माणसाची आठवण म्हणून एखादं भांडं जपून ठेवलेलं असेल. ते खाली काढा. मग समोरचं दार वाजवा आणि जेवलात का, एवढं विचारा. पुढचं मी आणि माझ्यासारखी भांडी बघून घेऊ.