यादीतलं अकरावं नाव

“नूतनताई, त्या अंजना बुळेला टीबी हाय म्हणं. खरं व्हय?”

शेजारच्या खोलीतल्या रत्नानं उंबऱ्यातूनच विचारलं आणि नूतनच्या हातातलं दूध ओट्यावर सांडलं. अंजनाचा आजार डॉक्टरांना ठाऊक होता, तिच्या घरच्यांना ठाऊक होता आणि दवाखान्यात गोळ्या देणाऱ्या नूतनला. चौथ्या कानाला कळायचं कारणच नव्हतं.

“तुला कोणी सांगितलं?”

“आमच्या प्राचीनं. तिच्या लॅपटॉपवरून तुमच्या प्रिंटरवर हॉल तिकीट छापाया गेली, तर तुमच्या कंप्युटरातली टीबीवाल्यांची अख्खी यादीच दिसली की तिला. अकरा नंबरला अंजना.”

घ्या!

ओतूरच्या त्या आठ खोल्यांच्या चाळीत दिवसा कुणी दाराला कडी लावत नसे. लावलीच, तर ‘आमी काय चोर हाय व्हय?’ म्हणून महिनाभर अबोला. नूतनची तिथं अठरा वर्षं गेली होती. दवाखान्यातल्या उरलेल्या नोंदी ती घरी बसून भरायची. वायफाय तिनंच घेतलं, पण वापरायचं सगळ्यांनी. पासवर्ड जिन्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला. प्रिंटर बसवणाऱ्यानं विचारलं होतं, “ताई, कंप्युटर समद्यांना उघडा ठिवू, का पासवर्ड टाकू?” तेव्हा नूतनबाई मोठ्या तोऱ्यात म्हणाल्या होत्या, “घरच्या माणसांना कसला आलाय पासवर्ड?” आता बोला!

“आणखी कुणाला सांगितलंस?”

रत्ना पदराशी चाळा करू लागली. “बेल्हे गावच्या नणंदेला. तिच्या दिराच्या पोराशीच लगीन जमलंय ना अंजनाचं. म्हनलं, फसाया नको कुनी.”

“अगं, ती बरी होत आलीय! तिच्यापासून आता कुणाला धोका नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय!”

“त्ये कुठं लिवलं व्हतं यादीत?” रत्ना पुटपुटली.

नूतननं फोल्डर बंद केलं, कंप्युटरला पासवर्डचं कुलूप घातलं, वायफायचाही पासवर्ड बदलला. मग डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. “चूक माझी आहे, सर. दुसऱ्या कुणाची नाही.”

संध्याकाळी अंजनाच्या वडिलांचा, सोमाजींचा फोन आला.

“ताई, सोयरीक मोडली. पावण्यांला कसं कळलं असंल वं?”

खोटं बोलावं असं नूतनला क्षणभर वाटलं. “माझ्यामुळं, सोमाजीबाबा. माझा कंप्युटर उघडा होता.”

 पलीकडून फोन बंद झाला.

नूतनला एकच धास्ती लागली होती: पोर आता लाजेनं गोळ्या सोडणार, आणि गोळ्या सोडल्या तर आजार पुन्हा उलटणार. सोमवारी दवाखान्यात लांब रांग लागली. बाया एकमेकींच्या कानाशी लागत होत्या. आणि अंजना आली. रांगेत नीट उभी राहिली, नंबर आल्यावर खिडकीशी आली. नूतननं मान वर न करता गोळ्यांचं पाकीट गुपचूप पुढं सरकवलं.

“नाव इचारा की, ताई.”

“राहू दे गं.”

“समद्यांला इचारता. मला बी इचारा.”

नूतननं मान वर केली. “नाव?”

“अंजना सोमाजी बुळे,” ती रांगेतल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली आणि गोळ्यांसाठी हात पुढं केला.