लॉस एंजेलिसहून आलेली बहीण

फिदेलिनाच्या हातची पुपुसा खायला एल साल्वादोरमधल्या सोन्सोनातेच्या बसस्टँडवर लोक रांग लावतात. पण गेले पंधरा दिवस तिच्या तव्यावरच्या निम्म्या पुपुसा करपत होत्या. मक्याच्या पिठाचा गोळा हातात घ्यायची, त्यात घेवडा नि चीज भरायची, थापायला लागायची आणि थापता थापता चित्त घराकडे. आत्ता काय करत असतील दोघी? वेणी घालत असेल ती निदियाची. अकरा वर्षं ते डोकं मी विंचरलं, त्यातल्या उवा मी वेचल्या, आणि आता केस कमरेपर्यंत आल्यावर वेणी घालायला ही बया आली. असं मनात आलं की तव्यावरून धूर निघायचाच.

ही बया म्हणजे सुलेमा, फिदेलिनाची सख्खी धाकटी बहीण आणि निदियाची आई. निदियाच्या लेखी मम्मी अकरा वर्षांनी लॉस एंजेलिसहून परत आली होती. तिकडच्या सरकारने कागद नाहीत म्हणून परत पाठवलं, हातात एक पिशवी तेवढी देऊन. खरं म्हणजे ती आली होती राजधानीजवळच्या बायकांच्या तुरुंगातून, आणि हे अख्ख्या सोन्सोनातेत त्या दोघी बहिणींनाच ठाऊक होतं.

सुलेमाला तीस वर्षांची शिक्षा झाली होती, पोटचं मूल मारल्याची. मारलं कसलं डोंबल! सातवा महिना सरलेला, सकाळी कळा आल्या, बाई परसातल्या संडासात गेली आणि तिथेच बाळंत होऊन बेशुद्ध पडली. मूल मेलेलंच आलं होतं. पण एल साल्वादोरमध्ये गरीब बाई असं रक्त वाहत इस्पितळात पोचली की तिला पहिला प्रश्न असतो, पाडायला काय घेतलंस? डॉक्टरने पोलिसांना फोन केला. सुलेमा शुद्धीवर आली तेव्हा तिचा हात खाटेला बेडीने बांधलेला होता. आधी गर्भ पाडल्याचा आरोप लावला, मग महिनाभरात तोच बदलून खुनाचा केला. पुढे राजधानीतल्या एका वकीलबाईने ती फाइल उकरून काढली, वर्षानुवर्षं अर्ज केले, तेव्हा कुठे उरलेली शिक्षा माफ झाली.

मोराझानच्या डोंगरात त्यांचं गाव होतं. खटल्यानंतर लोकांनी घराच्या भिंतीवर खुनी म्हणून लिहिलं, तेव्हा फिदेलिनाने चार वर्षांच्या भाचीला कडेवर घेतलं आणि देशाच्या पार दुसऱ्या टोकाला येऊन राहिली. आई कुठंय, या प्रश्नाला उत्तर होतंच. शाळेतल्या निम्म्या पोरांच्या आया अमेरिकेत होत्या, त्यात आणखी एक.

आता आई अमेरिकेत म्हणजे पार्सल यायला हवं. फिदेलिना महिन्यातून एकदा साबण नि खाऊ घेऊन तुरुंगात जायची, आणि घरी सांगायची, मम्मीचं पार्सल आणायला चालले. परतताना राजधानीतल्या स्टँडजवळ गठ्ठ्यांनी आलेले अमेरिकन जुने कपडे विकतात, तिथे उकिडवी बसून तासभर उचकापाचक करायची. कधी फ्रॉक, कधी दप्तर, एकदा डोळे मिटणारी बाहुली. कपडे मुद्दाम धुवायची नाही, कारण त्या गठ्ठ्यांना एक परका वास असतो. निदिया पार्सल उघडायची, फ्रॉकमध्ये तोंड खुपसायची आणि म्हणायची, मम्मीचा वास येतोय. आणि फिदेलिना समोर उभी. अंगाला धुराचा नि चरबीचा वास, आणि पोरगी कुठल्या कोण गोऱ्या बाईच्या उतरलेल्या कपड्यांत आई हुंगतेय. पण करणार काय, ही मम्मी तिनेच तर घडवली होती! पुपुसा थापून थापून, एकेक पार्सल करून, स्वतःच्या हाताने स्वतःला सवत आणली होती.

आणि आता ती सवत घरात येऊन बसली. अकरा वर्षं ऊन न लागल्याने उजळलेली. निदिया म्हणाली, अमेरिकेने किती गोरी केलीय मम्मीला, आणि मग मावशीच्या तव्याने रापलेल्या हातांकडे बघून हसली. सुलेमा पहाटे सहाला उठून खाटेशेजारी ताठ उभी राहायची, कोणीतरी मोजायला येईल म्हणून. पोरीला वाटायचं, तिकडची शिस्त. संडासला जातानाही विचारून जायची. पोरीला वाटायचं, काय मॅनर्स आहेत! रात्री आईच्या कुशीत झोपायला लागली होती निदिया. मावशीच्या खाटेवर तिची उशी तशीच पडलेली असायची, आणि फिदेलिनाने ती दोनदा उचलून कपाटावर टाकली नि दोनदा परत खाली घेतली.

ज्या बहिणीने एवढं भोगलं तिचा मत्सर करायचा? लाज कशी वाटत नाही, असं फिदेलिना स्वतःलाच विचारायची. वाटायची की लाज. पण लाजेने मत्सर कधी गेलाय! आणि हा मत्सर काही पंधरा दिवसांचा नव्हता. फिदेलिनाला मूल झालं नाही, त्यापायी नवरा सोडून गेला. सुलेमाला मात्र नुसत्या नजरेने दिवस जायचे. पहिली निदिया, मग हे दुसरं. दोन्ही वेळा बाप पळाला, पण पदरात मूल तर पडलं. फिदेलिना तेव्हाही जळत होती.

आणि त्या जळण्यात तिने एक गोष्ट केली होती. सरकारने दिलेला वकील घरी येऊन सांगून गेला होता, बाई, तुम्हीच माझ्या एकुलत्या एक साक्षीदार, तुम्ही आलात तर काही आशा आहे. खटल्याच्या दिवशी ती गेली नाही. बस चुकली, असं नंतर सगळ्यांना सांगितलं. सुलेमाने ते खरं मानलं आणि अकरा वर्षांत एकदाही उलटून विचारलं नाही. म्हणूनच फिदेलिनाला तिची जास्त भीती वाटायची. ही गोष्ट उघडी पडली तर निदिया आयुष्यात पुन्हा मावशी म्हणून हाक मारणार नाही, हे ती पुरतं ओळखून होती.

तीन आठवड्यांवर निदियाचं पंधरावं आलं होतं. पंधराव्या वाढदिवसाला मुलगी सगळ्यांदेखत खुर्चीत बसते, आणि तिचे सपाट बूट काढून पहिले उंच टाचांचे बूट तिच्या पायात चढवतात. बाप चढवतो. बाप नसेल तर जिने वाढवलं ती चढवते, निदान फिदेलिना तरी असंच धरून चालली होती. दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं तसं, निदियानेच ठरवलं होतं. बूटही आणून झाले होते, या खेपेला जुन्या गठ्ठ्यातले नव्हे, चर्चमागच्या दुकानातून कोरे करकरीत. फक्त अकरा वर्षांची सवय जिभेला, म्हणून खोका देताना फिदेलिनाच्या तोंडून निघून गेलं होतं, मम्मीने पाठवलेत. नंतर तिने जीभ चावली, पण गेलेला शब्द गेला.

त्या रविवारी दुपारीच तवा उतरवून ती घरी आली. निदिया प्लास्टिकच्या खुर्चीत राणीसारखी बसलेली, आणि सुलेमा तिच्यासमोर गुडघे टेकून. एक बूट पायात, एक हातात.

"मावशी, तालीम चाललीय," निदिया म्हणाली. "मम्मी घालणारे बूट."

"आपलं तर मी घालायचं ठरलं होतं."

"ते मम्मी इथे नव्हती तेव्हा ना. तू फोटो काढ. आणि पाहुण्यांच्या पुपुसांकडे तुझ्याशिवाय कोण बघणार?"

पोरगी सहज बोलून गेली, तिच्या मनात काही नव्हतं. फिदेलिनाने पिशवी टेबलावर ठेवली. इतपत तिने गिळलं असतं, आजवर काय कमी गिळलं होतं! पण सुलेमाने हातातला बूट उलटसुलट करून पाहिला आणि लेकीकडे बघून हसत म्हणाली, "माप बघ कसं नेमकं बसलं. रंगासाठी तासभर घातला होता मी दुकानात."

पार्सलांबद्दल ती आजवर नुसती मान हलवायची. हे पहिलंच, तिने स्वतःहून जोडलेलं. बिचारीला लेकीसाठी एक तरी गोष्ट केल्यासारखं वाटून घ्यायचं असेल. पण फिदेलिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुठलं गं दुकान?" ती म्हणाली. "जेलात बुटांचं दुकान काढलंय होय?"

सुलेमाच्या हातातला बूट खाली आला.

"फिदे, नको."

"का नको? बूट मी आणले. दप्तर, बाहुली, फ्रॉक, सगळं मी आणलं, जुन्या बाजारात मातीत बसून. लॉस एंजेलिस हिने नकाशातसुद्धा बघितलं नाहीये निदिया. अकरा वर्षं जेलमध्ये होती तुझी आई. विचार कशासाठी. तुझ्या भावाला मारलं म्हणून."

शेवटचं वाक्य तिचं नव्हतं. ते सरकारी वकिलाचं होतं, भिंतीवर लिहिणाऱ्यांचं होतं, पण इतकी वर्षं कानात राहून ते तिच्या तोंडात आयतं तयार बसलं होतं. आणि खोटं कशाला बोला, म्हणून टाकल्यावर क्षणभर तिला बरं वाटलं.

निदियाने आधी मावशीकडे पाहिलं, मग आईकडे. "मारलंस तू?"

"नाही," सुलेमा म्हणाली. हा शब्द तिने पोलिसांना, डॉक्टरांना, न्यायाधीशांना आणि तुरुंगातल्या बायकांना इतक्यांदा सांगितला होता की त्यात जोर असा उरलाच नव्हता. गुडघ्यांवर होती तशीच ती मागे बसली आणि हात मांडीवर ठेवले.

निदियाने पाय खुर्चीखाली ओढून घेतले, आईपासून दूर. फिदेलिनाने ते पाहिलं. पंधरा दिवस तिला हेच हवं होतं. आता तोंड मिटून नुसतं उभं राहिलं की झालं, पोरगी आज रात्री उशी घेऊन आपल्या खाटेवर येईल. पण खाली बसलेल्या बहिणीचे ते मांडीवरचे हात तिला बघवेनात. आरोपीच्या बाकावर ती अशीच बसली असणार.

"नाही मारलं तिने," फिदेलिना म्हणाली. "मेलंच होतं ते. गळ्याला नाळेचा वेढा होता, निळं पडलं होतं. मीच उचललं त्याला. माझ्या एप्रनमध्ये गुंडाळलं."

"तू होतीस तिथे?"

"मीच होते. दुसरं कोण असणार?"

निदिया काही मूर्ख पोरगी नव्हती. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग हे कोर्टात का नाही सांगितलंस?"

मग सुलेमाच मध्ये पडली. इतकं सगळं ऐकून घेतल्यावरही तीच बहिणीच्या मदतीला आली. "तिची बस चुकली त्या दिवशी, निदी," ती म्हणाली. "डोंगरातून सकाळची एकच बस असायची. तिचा दोष नाही त्यात."

केवढी पळवाट दिली होती बाईने! नुसतं हो म्हणायचं होतं.

"चुकली नाही," फिदेलिना म्हणाली.

सुलेमाने मान वर केली.

"दारासमोर थांबली होती बस. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. मी कपडे घालून तयार होते." फिदेलिना निदियाकडे बघत नव्हती, बहिणीकडेच बघत होती. "हिचं डोकं माझ्या हातावर होतं. तू आत गेल्यापासून सात महिने अशीच झोपायची माझ्याजवळ. हात काढला असता तर उठली असती. आणि मला वाटलं, मी गेले, बोलले, तू सुटलीस, तर आज रात्री ही तुझ्याजवळ झोपेल. मला द्यायची नव्हती ती. नव्हतीच द्यायची. म्हणून पडून राहिले."

तिला वाटलं, आता शिव्या येतील. सुलेमा उठून झिंज्या उपटेल, आणि उपटल्या तर बरं होईल. पण सुलेमा जागची हलली नाही. तिने विचारलं ते भलतंच.

"मग किती वाजता उठली ती?"

"आठच्या सुमाराला."

"नऊला मला उभं केलं," सुलेमा म्हणाली. "दार वाजलं की मी वळून बघत होते. पोलीस म्हणाला, समोर बघ." निदिया खुर्चीतून उतरून तिच्याजवळ जमिनीवर बसली होती, एका पायात बूट, एक पाय अनवाणी. "उठल्यावर काय म्हणाली ही?"

हे फिदेलिनाने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बस सोडली, बहीण सोडली, हात मुंग्या येऊन बधिर झाला तरी हलवला नाही, आणि त्यावर जे मिळालं ते सांगण्यासारखं नव्हतंच.

"बोल ना मावशी," निदिया म्हणाली. "काय म्हणाले मी?"

"मम्मी कुठंय, म्हणालीस," फिदेलिना म्हणाली. "रोज उठल्यावर आधी तेच म्हणायचीस."